चावडी उठली, सभा बसलीच नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस नगर परिषदेची हद्द ओलांडून पहिल्या गावात पाऊल टाकले, की तिथल्या रहिवाशाला एक हक्क असतो. हद्दीच्या आत राहणाऱ्या त्याच्याच सख्ख्या भावाला तो नसतो. गावातल्या माणसाचे नाव मतदार यादीत असेल, तर तो आपोआप ग्रामसभेचा सभासद होतो. त्याला कोणी निवडून द्यावे लागत नाही, कोणाची शिफारस लागत नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने ही सभा सक्तीची केली आहे. तिची गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. रस्ता कुठे व्हावा, घरकुलाच्या यादीत कोणाचे नाव यावे, मागच्या वर्षीचा पैसा कुठे गेला, हे सरपंचाला भर सभेत विचारता येते आणि सरपंचाला उत्तर द्यावे लागते. शहरातल्या भावाच्या हाती मात्र पाच वर्षांतून एकदा मत आणि अधूनमधून एक निवेदन एवढेच असते. नगर परिषदेच्या सर्वसाधारण सभेत तो श्रोता म्हणून बसू शकतो, पण बोलण्याचा अधिकार सदस्यांचा. दोघेही वऱ्हाडी बोलतात, एकाच आठवडी बाजारात भाजी घेतात आणि एकाच बस स्टँडवर गाडीची वाट पाहतात. एक गावठाणात राहतो आणि दुसरा लेआउटमध्ये, एवढ्यावरून हा फरक पडला आहे.

हा फरक कसा पडला याचा इतिहास सांगणे आणि तो बुजवला पाहिजे असे म्हणणे, हा या लेखाचा हेतू आहे. मोहल्ल्याची कला, विकास, सुरक्षितता आणि येण्याजाण्याची सोय हे चार विषय आज चार कार्यालयांत विभागलेले दिसतात. परवानगी एकीकडे, बांधकाम दुसरीकडे, बंदोबस्त तिसरीकडे आणि बसचे वेळापत्रक चौथीकडे. राहणाऱ्याच्या दृष्टीने ते चार नाहीतच. गणपतीचा मंडप ज्या रस्त्यावर उभा राहतो त्याच रस्त्यावरून काळी-पिवळी जाते, त्याच रस्त्याच्या कडेची नाली तुंबते आणि त्याच रस्त्यावर दिवा नसला की रात्री शिकवणीवरून परतणाऱ्या मुलीच्या घरचे लोक दारात उभे राहतात. या प्रश्नांचा एकत्र विचार करणारी बैठक वऱ्हाडात पूर्वी होती. ती सदोष होती, तरी ती होती. शे-दीडशे वर्षांत तिचे एकेक अंग तोडून दूरच्या कार्यालयाला देण्यात आले आणि शहर झालेल्या गावाच्या वाट्याला काहीच उरले नाही. दिग्रसला वॉर्डसभा हवी असे म्हणताना बाहेरून नवीन काही आणायचे नाही. जे होते त्यातले टिकाऊ तेवढे परत घ्यायचे आहे.

जुन्या बैठकीचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे महजर. मराठेशाहीत वतनाचा, शिवेचा किंवा मानपानाचा वाद उभा राहिला की गोत बसे. पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बलुतेदार आणि गरज पडली तर शेजारच्या गावचे पाटील असे सगळे एकत्र येत. दोन्ही बाजू ऐकल्या जात, जुने कागद पाहिले जात, वयस्कर माणसांच्या साक्षी होत आणि जे ठरे त्याचा कागद तयार होई. त्याचे नाव महजर. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या न्यायपद्धतीचा जो अभ्यास मांडला, त्यातून ही सभा किती काटेकोर होती ते कळते. लिहिता न येणारा माणूसही या कागदावर साक्षी असे, कारण सहीऐवजी तो आपल्या कामाचे हत्यार काढी. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, महाराचा विळा. निर्णय कोणासमोर झाला हे त्या निशाण्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या सांगता येई. आज एखाद्या मोहल्ल्यात रस्ता खोदला जातो तेव्हा तो कोणासमोर, कोणाच्या संमतीने ठरला हे त्या मोहल्ल्यात राहणाऱ्या कोणालाही सांगता येत नाही. तीनशे वर्षांपूर्वीचा निरक्षर कारागीर या एका बाबतीत आजच्या पदवीधर रहिवाशापेक्षा पुढे होता.

वऱ्हाडावर १८०३ पर्यंत निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दोअमली होती. वसूल दोघांचा आणि रयत एकच. वरचे राज्य असे दुभंगलेले असताना खालचा व्यवहार टिकला तो पाटील-पटवारी आणि परगण्याचे देशमुख-देशपांडे यांच्या आधाराने, आणि ‘पांढरी’च्या बळावर. वसलेल्या गावाच्या जमिनीला पांढरी म्हणतात. तोच शब्द गावाच्या समुदायालाही लागतो. पिकते ती काळी आणि नांदते ती पांढरी. पांढरीची बैठक चावडीवर होई. जागल्याने रात्री काय पाहिले, शिवेवर कोणाची गुरे सुटली, पोळ्याचे तोरण कोणी बांधायचे, यात्रेला येणाऱ्या भजनी मंडळाची उतरायची सोय कुठे करायची, विहिरीचा गाळ कधी काढायचा, हे सगळे एकाच बैठकीत निघे. आजच्या भाषेत सांगायचे तर सुरक्षा, वाहतूक, कला आणि विकास हे एकाच दिवशीच्या कामकाजातले विषय होते. त्यांची वाटणी पांढरीने केली नाही. ती पुढे राज्यकर्त्यांनी केली.

दिग्रसच्या परिसरात या परंपरेचे आणखी दोन प्रवाह आहेत आणि त्यांच्याविना हा इतिहास अपुरा राहील. पहिला बंजारा तांड्याचा. पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान इथून जवळ आहे आणि दिग्रस, पुसद, मानोरा हा पट्टा तांड्यांनी भरलेला आहे. तांड्यात नायक आणि कारभारी असतात, त्यांच्या जोडीला जाणती माणसे बसतात आणि भांडण-तंट्यापासून सणापर्यंतचे निर्णय नायकाच्या अंगणात होतात. होळीला लेंगी कधी आणि कुठे गायची हेही तिथेच ठरते. दुसरा प्रवाह कोलाम पोडाचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोलामांच्या वस्तीत चावडी ही वस्तीची मध्यवर्ती जागा असते. तिथे निवाडा होतो, पाहुणा उतरतो आणि दंडारही तिथेच रंगते. सभा आणि कला यांना एकच छप्पर असणे हा योगायोग नव्हे. ज्या जागी माणसे नाचण्या-गाण्यासाठी मोकळेपणाने जमतात त्याच जागी ती बोलायलाही मोकळी होतात. दिग्रसच्या वॉर्डांत आज राहणाऱ्या अनेक कुटुंबांचे आजोबा-पणजोबा अशाच एखाद्या चावडीवर किंवा नायकाच्या अंगणात बसलेले आहेत. सभेची सवय या शहराला नवी नाही.

मग ती गेली कशी? वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने त्यांच्याकडे राहिले. या काळात चावडी मोडली गेली नाही. तिचे काम बदलले. पाटील आणि पटवारी हे सरकारी यंत्रणेचे शेवटचे टोक झाले. १९०० साली तर त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदाच झाला आणि त्यांची नेमणूक, कर्तव्ये, शिक्षा हे सगळे वरून ठरू लागले. गावाचा माणूस सरकारचा माणूस झाला. चावडीवर आता वसुलीचा हिशेब, पीकपाण्याची नोंद आणि साहेबाचा मुक्काम असे. लोक चावडीवर जात, पण बोलावले म्हणून. ‘चावडीवर बोलावणे’ या शब्दांतून आजही धाक डोकावतो, त्याचे मूळ या बदलात आहे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा त्यांनी दक्खनच्या खेड्याची जी मोडती रचना वर्णन केली, तिच्या मुळाशी हीच गोष्ट होती. गावाची जबाबदारी गावाकडून निघाली आणि भार मात्र गावावरच राहिला.

याच काळात स्थानिक स्वराज्याची नवी संस्थाही आली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर वऱ्हाडासाठी १८८५ मध्ये ग्रामीण मंडळांचा आणि १८८६ मध्ये नगरपालिकांचा कायदा झाला. लोकांमधून निवडलेली माणसे शहराचा कारभार पाहतील ही कल्पना मोठी होती. पण निवडलेला म्हणजे कोणी निवडलेला, हा प्रश्न तिथेच उभा राहतो, आणि त्याचे उत्तर कापसाच्या बाजाराने दिले. दिग्रसच्या शेजारच्या कारंजा लाड येथे १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. देशातला हा या प्रकारचा पहिलाच कायदा. मापे खरी असावीत, अडत ठरलेली असावी, लूट थांबावी हा त्याचा उद्देश चांगला होता. पण बाजार चालवणाऱ्या समितीत व्यापारी आणि नगरपालिकेची माणसे होती. ज्याच्या गाडीतला कापूस मोजला जात होता त्या शेतकऱ्याला तिथे जागा नव्हती. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने हा दोष म्हणून नोंदवला. वऱ्हाडच्या इतिहासातला हा धडा आजही लागू पडतो. समिती कितीही सद्हेतूने नेमली तरी ज्याच्यावर निर्णय आदळतो तो बैठकीत नसेल, तर त्याची अडचण कागदावर यायला तीस वर्षे लागतात.

वाहतुकीचा इतिहास हाच धडा अधिक कठोरपणे शिकवतो. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही छोट्या रुळांची गाडी, जिला लोकांनी ‘शकुंतला’ म्हटले, वऱ्हाडचा कापूस मोठ्या रेल्वेपर्यंत नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी आली. ती किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थेखाली होती. पुढे दारव्ह्याहून पुसदकडे एक फाटा काढण्यात आला. तो दिग्रसच्या वाटेने जाई. काही वर्षे या भागाने आपल्या दाराशी गाडी पाहिली. मग दुसरे महायुद्ध आले आणि त्या फाट्याचे रूळ उखडले गेले. रूळ टाकले तेव्हा ते कापसासाठी होते, काढले तेव्हा युद्धासाठी. या दोन्ही निर्णयांत दिग्रसच्या माणसाला कोणी विचारले नाही. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या हे गाव रस्त्याच्या भरवशावर राहिले. नागपूर ते तुळजापूर हा राष्ट्रीय महामार्गही यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा बाजूने गेला. २००८-०९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात वर्धा–यवतमाळ–पुसद–नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला. तो दारव्हा आणि दिग्रसवरून जाणार आहे. त्यातल्या वर्धा ते कळंब या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन व्हायला २८ फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. म्हणजे गाडी पुन्हा येणार आहे. या वेळी तरी तिच्यासाठी शहर तयार असावे, ही अपेक्षा वाजवी आहे.

स्वातंत्र्यानंतर सत्ता खाली येण्याऐवजी तिचे केंद्र सरकत राहिले. मध्य प्रांत-वऱ्हाडात द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये जनपद योजना आली. तहसील हा स्थानिक स्वराज्याचा घटक ठरला. दिग्रस तेव्हा दारव्हा तहसिलीत होते. म्हणजे कारभार बैलगाडीने गाठता येईल एवढ्या अंतरावर आला. या योजनेत उणिवा होत्या, पैसाही अपुरा होता, पण अंतराचे हे गणित बरोबर होते. महाराष्ट्र राज्य झाल्यावर जून १९६० मध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, म्हणजे दिग्रसच्या अगदी शेजारचे, बंजारा समाजातले आणि पुसद नगरपालिकेचा कारभार पाहिलेले. त्यांच्या समितीने जिल्हा हा मुख्य घटक धरला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. ग्रामीण महाराष्ट्राचे पुढचे नेतृत्व या व्यवस्थेतून घडले, हे तिचे मोठे यश आहे. खाली ग्रामसभा आणि वर जिल्हा परिषद अशी शिडी खेड्याला मिळाली. नगरपालिकांसाठी १९६५ चा वेगळा कायदा झाला, पण त्यात ग्रामसभेसारखी पहिली पायरीच नव्हती. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने वॉर्ड समित्या दिल्या, त्याही तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना. दिग्रस त्या आकड्याच्या जवळपासही नाही. २००९ मध्ये महाराष्ट्राने शहरी कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, पण ती मोहल्ल्यापर्यंत कधी पोचली नाही. मोठ्या शहराला समिती आणि खेड्याला सभा, या दोहोंच्या मधली छोटी शहरे रिकाम्या हातांनी राहिली. विदर्भातली बहुसंख्य शहरे तर अशीच छोटी आहेत.

सरकारी चावडी सुकत असताना वऱ्हाडने सभेची एक वेगळी वाट काढली, आणि ती कलेतून गेली. गाडगेबाबा १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले. ते गावात आले की आधी खराटा हाती घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या कीर्तनात एकटा बुवा बोलत नसे. बाबा प्रश्न विचारीत आणि हजारो माणसे एका आवाजात उत्तर देत. कर्ज काढून सण करावा का, मुलाला शाळेत घालावे का, दारू प्यावी का, जनावर मारावे का. ज्या समाजाला कोणी प्रश्न विचारीत नव्हते त्याला त्यांनी उत्तर द्यायची सवय लावली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या तालावर हेच काम पुढे नेले. मोझरीच्या गुरुकुंजातून निघालेल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा वऱ्हाडच्या गावोगावी पोचल्या. सायंकाळची सामुदायिक प्रार्थना ही रोज एका जागी, जातपात न मानता, जमिनीवर शेजारी बसण्याची शाळा होती. ‘ग्रामगीता’ हा ग्रंथ गावाची स्वच्छता, रस्ते, तंटे, सण आणि संस्कार यांचा एकत्र विचार करतो तो याच दृष्टीमुळे. म्हणून मोहल्ल्यातल्या कलेला करमणूक समजून सभेच्या शेवटच्या विषयात ढकलणे ही चूक आहे. वऱ्हाडात माणसे एकत्र बसायला शिकली ती कीर्तनात, भजनात, दंडारीत आणि लेंगीत. ज्या मोहल्ल्यात भजनी मंडळ, गणेश मंडळ, कव्वालीची मैफल, वाचनालय किंवा भीमगीतांचा कार्यक्रम जिवंत आहे, तिथे सभा बोलावणे सोपे जाते.

या मांडणीवर पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्यातून पळवाट काढता कामा नये. जुनी चावडी जातीची होती. ज्या महाराच्या शब्दावर शिवेचा निर्णय होई, कारण शीव त्याच्याइतकी कोणाला माहीत नसे, त्यालाच चावडीच्या खाली उभे राहावे लागे. महजरावर त्याचा विळा उमटे, पण पाणवठ्यावर त्याचा हात चालत नसे. बाई तर बैठकीत नव्हतीच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी खेड्याविषयी जी कठोर टीका केली ती या अनुभवातून आली होती, आणि तिच्यात अतिशयोक्ती नव्हती. म्हणूनच जुन्या चावडीचे गोडवे गाणे हा आपला मार्ग नाही. तिच्या पद्धतीतल्या तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. निर्णय सगळ्यांसमोर होणे, तो लिहून ठेवणे आणि त्याखाली हजर असलेल्यांच्या खुणा असणे. तिची बैठकव्यवस्था मात्र टाकूनच दिली पाहिजे. संविधानाने समान मताचा हक्क दिला आहे, ग्रामसभेच्या कायद्याने महिला सभा आधी घ्यायला लावली आहे. वॉर्डसभा हवी ती या पायावर. उलट असेही म्हणता येईल की सभा नसल्याने जुनी उतरंड जाते असे नाही, ती दिसेनाशी होते. बंद खोलीत चार वजनदार माणसे ठरवतात तेव्हा खाली उभ्या असलेल्याचे नाव कोणत्याही कागदावर येत नाही.

दुसरा आक्षेप असा की नगरसेवक निवडून दिले आहेत, मग सभा कशाला? प्रतिनिधी हवेतच, पण प्रतिनिधी नसतात तेव्हा काय होते हे महाराष्ट्राने नुकतेच पाहिले. आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे राज्यातल्या बहुसंख्य नगर परिषदांच्या निवडणुका रखडल्या आणि २०२१-२२ पासून २०२५ च्या अखेरीपर्यंत त्या प्रशासकांच्या हाती राहिल्या. जवळपास चार वर्षे छोट्या शहरातल्या माणसाला विचारण्यासाठी स्वतःचा नगरसेवकही नव्हता. ग्रामपंचायतीची मुदत संपते, पण ग्रामसभेची मुदत संपत नाही. मतदार जिवंत आहे तोवर ती जिवंत असते. शहरालाही असा कधीही न विसर्जित होणारा पाया हवा. चांगल्या नगरसेवकाला अशी सभा बळ देते, कारण आपल्या वॉर्डाचा ठराव हाती घेऊन तो परिषदेत अधिक ठामपणे बोलू शकतो.

तिसरा आक्षेप अनुभवाचा आहे. ग्रामसभा तरी कुठे नीट होतात? गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होतात, भांडणे होतात, कागदोपत्री सह्या घेतल्या जातात. हे खरे आहे. पण जिथे सभेच्या हाती खरे काही दिले गेले तिथे लोक आले, हेही तेवढेच खरे आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची शिस्त पाळली आणि वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत समिती ग्रामसभेतून निवडली जाऊ लागली आणि पोलीस ठाण्याच्या पायरीशी जाणारे कितीतरी वाद गावातच मिटले. दारूच्या दुकानाविरुद्ध महिलांनी मागणी केल्यावर मतदान घ्यावे लागते, आणि ही तरतूद गावाबरोबर शहरातल्या वॉर्डालाही लागू आहे. दुकान चालू की बंद, म्हणजे मतपत्रिकेवर उभी बाटली की आडवी बाटली, या एका प्रश्नावर कामावरून रजा काढून बायका रांगेत उभ्या राहिल्या. वॉर्ड हा निर्णयाचा घटक होऊ शकतो, हे कायद्याने या एका ठिकाणी मान्य केलेच आहे. २०१७ मध्ये सातबाऱ्यातल्या चुका शोधायला सरकारला चावडी वाचन घ्यावे लागले, कारण संगणकाला न दिसलेली चूक गावात उघड्यावर वाचल्याबरोबर शेतकऱ्याला दिसली. रिकामी राहते ती अधिकार नसलेली सभा. तिला अधिकार देण्याऐवजी ती रिकामी म्हणून मोडीत काढणे हे उपाशी माणसाला अशक्त म्हणून हिणवण्यासारखे आहे.

शेवटचा आक्षेप असा की मोठे निर्णय दिल्ली-मुंबईत होतात. रेल्वे मोहल्ल्याने थोडीच आखायची आहे? नाही. पण रेल्वे आल्यावर स्थानकाकडे जाणारा रस्ता कोणत्या वस्तीतून जाणार, ऑटो कुठे थांबणार, शाळेसमोर गतिरोधक कुठे हवा, शेवटची बस चुकलेल्या विद्यार्थिनीसाठी बस स्टँडबाहेर दिवा आहे का, हे दिल्लीला कळणार नाही. धावंडा नदीला पूर आला की पाणी आधी कोणाच्या उंबऱ्याला लागते हे काठावर राहणाऱ्याइतके कोणत्याही अभियंत्याला माहीत नसते. अरुणावतीचे धरण शहराच्या जवळ असूनही नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे रांगेतली बाई सांगेल. सण जवळ आले की पोलीस ठाण्यात शांतता समिती बसते. ती उपयोगी आहे, पण ती वर्षातून काही वेळा आणि ठरावीक माणसांसाठी असते. हीच माणसे वर्षभर वॉर्डसभेत शेजारी बसलेली असतील, तर मिरवणुकीचा मार्ग ठरवताना ती एकमेकांना नावाने ओळखतील. ओळख असलेल्या मोहल्ल्यात बंदोबस्त कमी लागतो.

म्हणून दिग्रसकरांपुढे मागणी साधी ठेवावी. दर तीन महिन्यांनी प्रत्येक वॉर्डात एक सभा व्हावी. तिची सूचना दवंडीने, मंदिर-मशिदीच्या, बुद्धविहाराच्या आणि तांड्याच्या फलकावर द्यावी. महिलांची सभा आधी व्हावी. कला, विकास, सुरक्षा आणि वाहतूक हे चार विषय प्रत्येक वेळी पत्रिकेवर असावेत. ठराव मराठीत लिहून सभेतच वाचून दाखवावा, त्याखाली हजर असलेल्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्यावेत आणि नगर परिषदेने पुढच्या सभेआधी त्याला लेखी उत्तर द्यावे. यासाठी नगर परिषदेला कोणाची परवानगी मागावी लागणार नाही; ठराव करून ती उद्याच सुरुवात करू शकते. सरकारने कायदा बदलून तीन लाखांची अट खाली आणली पाहिजेच, पण तोवर थांबण्याचे कारण नाही. महजर कायद्याच्या पुस्तकातून आला नव्हता. गावाने एकत्र बसायचे ठरवले म्हणून तो आला. पहिल्या सभेला वीस माणसे आली तरी ती भरवा, ठराव लिहा आणि खाली सही करा. चावडी उठवली दुसऱ्यांनी. सभा बसवणे आपल्या हाती आहे.